गुन आला का?

“गुन नाही हो आजी, गुण. म्हणा बघू, गुण.”

मोठे डॉक्टर असं म्हणाले आणि मागे उभ्या असलेल्या शिकाऊ पोरापोरींकडे बघून हसले. तीही हसली. साहेब हसले की हसावंच लागतं. माझी आई तपासायच्या टेबलावर बसली होती. पाठ उघडी. छातीवर इस्पितळाचं हिरवं कापड दोन्ही हातांनी धरलेलं. तिने एवढंच विचारलं होतं, “दाक्तर, औषिदाला गुन आला का?”

आईने म्हणून बघितलं. खरंच बघितलं. जीभ वर न्यायला गेली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. त्या नव्या गोळ्यांनी तिचं तोंड आतून सोलून काढलं होतं. जिभेवर फोड, गालांत फोड. पेजसुद्धा गार करून द्यावी लागायची. “गुन,” ती परत म्हणाली. परत हसू.

मग डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलले, एका पोराने ते लिहून घेतलं, आणि सगळे शेजारच्या पडद्याआड पुढच्या बाईकडे गेले. आईच्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. मी तिचा ब्लाउज हातात धरून भिंतीला टेकून उभी होते.

हे मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात झालं. घरी आल्यावर आईने मला विचारलं, “मी काय वंगाल बोलली का गो?”

आम्ही वसईच्या खाडीकाठची माणसं. भात लावणारी, मिठागरात राबणारी. आमच्या तोंडात ण नाही. पानी, लोनी, कोन. ळ सुद्धा नाही. शाळेत बाईंनी माझ्या बोटांवर पट्टी मारून मारून ण घातला. तो बसला. आता मी विरारला फुलपाड्यात राहते, एका कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसते, आणि गिऱ्हाईकाशी ण लावून बोलते. माहेरी गेले की न. आईला पट्टी कोणी मारली नव्हती, कारण ती शाळेतच गेली नव्हती. सही तेवढी करायची, तीही माझ्याकडून शिकून.

आता गुण म्हणजे काय ते सांगते. आमच्या गावात एक म्हातारी होती. कावीळ उतरवायची. कसलीतरी मुळी द्यायची. मोबदला घ्यायची नाही, पण अट घालायची. बरं वाटो न वाटो, परत येऊन सांगायचं. गुण आला तर नारळ ठेवायचा. नाही आला तर नुसतं सांगायचं, तिच्या हातचं पाणी प्यायचं आणि निघायचं. माणूस दगावलं तरी तेरावं झाल्यावर घरातल्या कोणीतरी जाऊन सांगून यायचं. नाही सांगितलं तर पुढच्या माणसाच्या औषधाचा गुण जातो, असं समजायचे. त्या मुळीवर माझा काडीचा विश्वास नाही. तिच्या नादी लागून दवाखान्यात उशिरा पोचलेली माणसं मी पाहिलीत. पण सांगून यायची ती रीत आईच्या हाडात मुरलेली होती.

म्हणून इस्पितळात जेव्हा त्यांनी औषधाच्या चाचणीचं समजावलं, तेव्हा आईला ते माझ्याआधी समजलं. तिच्या छातीत गाठ होती. पसरली होती. एक नवीन गोळी आली आहे, असं ते म्हणाले. काही बायकांना जुनं औषध मिळणार, काहींना नवीन. कोणाला कुठलं ते कॉम्प्युटर ठरवणार. मग सगळ्यांचं मिळून बघायचं, कुठलं बरं. “तुम्हाला फायदा होईलच असं नाही,” तिथली समजावणारी मुलगी म्हणाली, “पण पुढच्या बायकांना होईल.” ती चाचणीचं सगळं कामकाज बघायची. चांगली होती. आईचा हात धरून बोलायची.

आई मला म्हणाली, “म्हातारीची रीत हाय ही. आपन त्यांना सांगायचा, मंग ते आपल्याला सांगतील.”

ही तिची चूक. आपण सांगायचं, हे त्या कागदांवर पानोपानी होतं. ते सांगतील, हे आईने आपल्या पदरचं घातलं. आमच्याकडे औषधाच्या बाबतीत तसंच असतं, म्हणून तिला ते वेगळं विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही वाटलं.

आईच्या वाट्याला नवीन गोळी आली. आधी तळपाय लाल झाले. मग भेगा. मग कातडं सुटायला लागलं. जन्मभर चिखलात उभी राहिलेली बाई, तिला अंगणात पाऊल टाकवेना. तळहात असे झाले की भाकरी थापता येईना, चमचा धरता येईना. बाकीच्या काही बायका त्रास लपवायच्या. सांगितलं तर चाचणीतून काढून टाकतील, ही भीती. आई सगळं सांगायची. किती जुलाब, कुठे फोड, कधी चक्कर. मी एकदा म्हटलं, आई, एवढं कशाला खोलात जाऊन सांगतेस. तर मलाच ओरडली. “खोटा सांगितला तं पुढच्या बायांचा काय व्हायचा?”

इस्पितळाची एकही फेरी तिने चुकवली नाही. पायांना तेलाची फडकी बांधून यायची. गाठ आधी जरा बसली. मग पुन्हा वाढली. मग सगळीकडे गेली. आणि आई गेली.

तेरावं झाल्यावर मी इस्पितळात गेले. आईने सांगून ठेवलं होतं, जाऊन सांग म्हणून. नारळ नेला नाही, कारण गुण आला नव्हता. ती हात धरणारी मुलगी भेटली. “ताई, आम्हाला कळलंय. सिस्टिमला टाकलंय,” ती म्हणाली. मी म्हटलं, मग बाकीच्या बायकांचं काय झालं? सगळ्यांचं मिळून? ती म्हणाली, “अजून चालू आहे. निकाल आला की कळवू.”

इथून जे सुरू झालं ते सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

मी काही महिन्यांनी फोन केला. चालू आहे. परत केला. चाचणी बंद झालीये, आता आकडे तपासतायत. परत केला. आकडे कंपनीकडे गेलेत. कंपनीचा नंबर द्या. तो देता येत नाही. परत केला. डॉक्टर परदेशात आहेत. परत केला. लेख लिहायचं काम चालू आहे. कुठे छापणार? ते ठरायचंय. ताकास तूर लागू देईनात. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी फोन आपटला नाही. गोड बोलून, ताई ताई करून, भिजत घोंगडं ठेवलं. आई गेली तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. आता ती पाटीदप्तर घेऊन शाळेत जाते, जोडाक्षरं लिहिते.

सरकारची एक वेबसाइट आहे, तिथे अशा चाचण्यांची नोंद असते, हे मला कुठूनतरी कळलं. मोबाइलवर शोधली. आईची चाचणी सापडली. चाचणी पूर्ण, असं तिथे लिहिलेलं. निकालाच्या जागी काही नाही. कोरं. मी तो कोरा चौकोन बोटाने मोठा करून करून बघितला, मूर्खासारखी.

आणि मी करते काय पोटासाठी? लोकांना त्यांचं पार्सल कुठे पोचलं ते सांगते. कोणाची मोबाइलची कव्हरं भिवंडीला अडकली तर लोक काउंटरवर हात आपटतात. माझी आई-बहीण काढतात. वरून साहेबाचा फोन, गिऱ्हाईकाला उत्तर का नाही दिलं. एका सासूबाईंच्या लोणच्याची बरणी कुठल्या गोदामात आहे हे मला त्यांना त्याच दिवशी सांगावं लागतं. माझ्या आईने अंगाचं कातडं सोलून जे दिलं, ते कुठे अडकलंय ते सांगायला कोणी बांधील नाही.

एके दिवशी त्या मुलीचाच फोन आला. ती नोकरी सोडून चालली होती, म्हणून बोलली असेल. आईची आठवण काढली. मग म्हणाली, “ताई, एक सांगू? चांगला निकाल असता ना, तर कधीच आला असता. मला माहीत नाही हां काय आहे ते. पण असंच होतं.”

मी विचारलं, असंच म्हणजे?

“म्हणजे औषध चाललं की सगळ्यांना घाई असते. नाही चाललं की कोणाला नसते.”

फोन ठेवून मी काउंटरखाली बसले. वर लोक हाका मारत होते.

मला वाटलं होतं, संपलं. आपली आई गेली, आपण आता कानाला खडा लावायचा. पण गिरीजच्या मावशीला गाठ निघाली.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. गिरीजला दिलेली. वाडीत केळी, नारळ, पालेभाजी. पहाटे उठून भाजीच्या जुड्या बांधते, आणि तिच्यासारख्या जुड्या आळीत कोणी बांधत नाही, असं स्वतःच सांगते. विधवा आहे, मूल नाही. माझ्याशिवाय तिला विचारायला कोणी नाही. वसईतल्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. तिथे दर शनिवारी मुंबईहून मोठे डॉक्टर येतात, म्हणाले. आम्ही गेलो. पाटीवर नाव वाचलं. आईला गुण म्हणायला लावणारे. तेच.

त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं. मावशीची गाठ बघून म्हणाले, एक नवीन चाचणी सुरू करतोय. गोळीचं नाव सांगितलं. आईचीच गोळी. या वेळी तिच्या जोडीला आणखी एक औषध. कागद घरी न्या, वाचा, पुढच्या शनिवारी सही करायला या.

मावशीने त्या आठवड्यात मला वाडीत बोलावलं. अळवाच्या वाफ्याशी बसली होती. कामाचे हात, काळे, जाड, भेगाळलेले, पण धडधाकट. तिने ते माझ्यापुढे पसरले.

“माझ्या भयनीचं हात मी बघितलंत,” ती म्हणाली. “पन तिला गुन आल्ता का? आल्ता असंल तं मी बी घेन. हात गेलं तं गेलं. नसंल आला तं कशाला? तू शिकलेली. तू सांगशील तसा करीन.”

तिने सरळ विचारलं. आईची गाठ बसली आणि वाढली, एवढंच मला माहीत. एका बाईवरून ठरत नाही, हे मलाही कळतं. नवीन गोळीने बाकीच्या बायका जास्त जगल्या असतील. कदाचित जुन्याच औषधावरच्या जास्त जगल्या असतील. ते कोणीतरी मोजलंय. कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये ते आहे. माझ्या मावशीला जगायचं कसं ते ठरवायला तेवढंच हवंय, आणि तेवढंच मिळत नाही. मला तिच्यासमोर रडू आलं. दुःखाने नाही, संतापाने.

शनिवारी गेलो. डॉक्टरांनी कागद मावशीपुढे सरकवले. पेन दिलं. “इथे आणि इथे.”

मी म्हटलं, “डॉक्टर, याच गोळीची आधी एक चाचणी झाली होती. माझी आई होती त्यात. तिचा निकाल काय लागला?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “कोण आई?”

मी नाव सांगितलं. त्यांना आठवलं नाही. “हां हां,” म्हणाले. “त्याचं विश्लेषण चालू आहे. असे निकाल घाईघाईत लागत नाहीत. दहावीचा निकाल आहे का?”

“दहावीचा उशीर झाला तर निदान बातमी तरी येते,” मी म्हटलं.

“तुम्ही काय करता?”

“कुरिअरच्या ऑफिसात आहे.”

“मग तुम्ही पार्सलं सांभाळा,” ते हसून म्हणाले. “शास्त्र आम्ही सांभाळतो.”

तेच हसू. मागे पोरं नव्हती, तर बाजूला उभ्या नर्सकडे बघून हसले. ती खाली बघत राहिली. मागच्या वेळी मी ब्लाउज धरून गप्प उभी होते. या वेळी माझ्या हातात काही नव्हतं.

मी म्हटलं, “औषिदाला गुन आला का?”

न लावून म्हटलं. मुद्दाम. मोठ्याने. पट्टीने बोटात घातलेला ण मी त्या टेबलावर काढून ठेवला.

त्यांचं हसू गेलं. “ती माहिती गोपनीय आहे,” ते म्हणाले.

“माझ्या आयचा आंग गोपनीय नव्हता,” मी म्हटलं. “तो बघाया तुमी वर्ग उभा केल्ता.”

मग त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतले आणि म्हणाले, “नको असेल तर राहू दे. बाहेर बऱ्याच बसल्यात.”

मावशीने पेन टेबलावर ठेवलं. टोपण लावून ठेवलं, म्हणजे शाई सुकू नये. अशी आहे ती. “आधी हिच्या आयचा सांगा,” ती म्हणाली. “मंग मी सही करीन. चाचनीला माझी ना नाय.”

आणि हे नीट ऐका. आमची ना नाही. औषधं अशीच शोधतात, कोणाच्यातरी अंगावर घेऊन बघूनच कळतं, हे माझ्या अडाणी आईलाही समजत होतं. आम्हाला घाबरलेल्या, मागासलेल्या बायका म्हणून बाजूला सारू नका. आम्ही आमचं काम चोख केलं. तुमचं राहिलंय.

आम्ही बाहेर आलो. बाकांवर बायका बसल्या होत्या. कोणी अर्नाळ्याची, कोणी नालासोपाऱ्याची, सोबत नवरे, लेकी, सुना. तीच रांग. मी तिथे उभी राहिले आणि बोलले. माझी आई याच गोळीवर होती. ती गेली. गोळीने गेली असं मी म्हणत नाही, गोळी वाईट असंही म्हणत नाही. मला माहीतच नाही. कोणालाच सांगत नाहीत. तुम्ही सही करा नाहीतर करू नका, पण आधी विचारा, मागच्या बायकांचं काय झालं. एक म्हातारा म्हणाला, पोरी, आमचं नुकसान करू नकोस. एक बाई मात्र उठून माझ्याजवळ आली आणि गोळीचं नाव काय म्हणालीस ते परत विचारलं. तेवढ्यात वॉचमन आला. “ताई, इथे उभं राहायचं नाही. पेशंट नाही तर खाली जा.”

मावशी आता दुसरीकडे जुन्या औषधावर आहे. त्याचं सगळं माहीत आहे, केस जातात, उलट्या होतात, किती बायकांना किती उपयोग होतो तेही डॉक्टर सांगतात. तिचे केस गेले. हात शाबूत आहेत. जुड्या बांधते. पण मी बरोबर केलं का? त्या गोळीने ती जास्त जगली असती का? मला माहीत नाही. तिचं काही बरंवाईट झालं तर हा प्रश्न मला मरेपर्यंत खाणार, हेही मला माहीत आहे. उत्तर असतं तर मी चुकले तरी डोळे उघडे ठेवून चुकले असते. त्यांनी मला आंधळेपणाने निवडायला लावलं, आणि निवड तुमची होती म्हणून वर हातही झटकतील. या गोष्टीची मला जी चीड आहे ती कमी झालेली नाही. कमी होऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

कोणी म्हणतात, सोड आता, मोठ्या लोकांशी वैर कशाला. नवरा म्हणतो, तुझ्या एकटीने काय होणार. काही होणार नाही, असंही असेल. पण त्या बाईने गोळीचं नाव परत विचारलं, हे मी बघितलंय.

तो दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. खाली मेडिकल, शेजारी शिकवणीचे क्लास, वर लोकांची घरं. मी ऑफिसात शनिवारची सुट्टी मागून घेतली आहे, रविवारी काम करीन म्हणून. वॉचमनला मी सांगून आलेय, भाऊ, तुझी नोकरी आहे, तू तुझं काम कर. दवाखान्याचं दार त्यांचं आहे, मी दारात येणार नाही. जिना सगळ्या इमारतीचा आहे. वर जाणारी प्रत्येक बाई त्या जिन्यावरून जाते.

मी जिन्यावर बसणार.